बाळंतिणीचे चार महिने

बाळंत झालेल्या स्त्रीने किती दिवस विश्रांती घ्यावी, ह्या प्रश्नाला आपल्याकडे एकच उत्तर कधीच नव्हते. धर्मशास्त्राचे उत्तर एक, वैद्यकाचे दुसरे, घरातील वडीलधाऱ्या बायकांचे तिसरे. आणि आमच्यासारख्या वकिली करणाऱ्याला चौथेही ठाऊक असावे लागते, ते कायद्याचे. ही चारही उत्तरे शेजारी ठेवून पाहिली की एक गोष्ट ध्यानात येते. सुखरूप सुटलेल्या बाईची मुदत सर्वांनी लक्षात ठेवली. जिचे बाळंतपण अवघड गेले, जिच्या कमरेतील कळ आणि अंगातील अशक्तपणा महिना उलटला तरी हटत नाही, तिची मुदत मात्र ग्रंथात लिहिलेली असूनही व्यवहारातून नाहीशी झाली.

धर्मशास्त्राचे उत्तर सर्वांच्या परिचयाचे आहे. सपिंडांना दहा दिवसांचे जननाशौच. कोकणात व गोमंतकात त्यालाच आपण सुवेर म्हणतो. मातेपुरते आणखी एक वचन निबंधकार पैठीनसीच्या नावावर देतात. त्याप्रमाणे मुलगा झाल्यास वीस दिवसांनी आणि मुलगी झाल्यास महिन्याने तिला धर्मकर्माचा अधिकार येतो. महामहोपाध्याय पां. वा. काणे (तेही पेशाने वकीलच) ह्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा चौथा खंड १९५३ साली निघाला. त्यात अशौचाचा विषय सविस्तर आला आहे. ह्या गणनेत मातेला किती सोसावे लागले ह्याला स्थान नाही. नाते कोणते आणि अपत्य कोणते, एवढेच पाहिले जाते. त्याबद्दल शास्त्रकारांना बोल लावण्याचे कारण नाही, कारण त्यांच्यापुढील प्रश्न अधिकाराचा होता, आरोग्याचा नव्हता. सुवेरामुळे चूल सुटली आणि बाईला पाठ टेकता आली, हा त्यातून झालेला आनुषंगिक लाभ. आणि तोही जिच्या घरी चूल सांभाळायला दुसरी बाई होती तिलाच मिळाला.

वैद्यांनी मात्र शरीराकडे पाहिले. चरकसंहितेच्या शारीरस्थानात सूतिकेच्या रोगांविषयी फार मार्मिक कारणमीमांसा आहे. गर्भाच्या वाढीने तिचे सर्व धातू क्षीण व शिथिल झालेले असतात. शिवाय कळा देण्याचे श्रम, वेदना आणि रक्तस्राव ह्यांनी शरीर रिते होते. म्हणून तिला जडलेला आजार एक तर कष्टाने बरा होतो किंवा होतच नाही, असे चरक सांगतो. प्रसूतीनंतर ओटीपोटात उठणाऱ्या शूलाला सुश्रुताने ‘मक्कल्ल’ असे स्वतंत्र नाव दिले आहे. ज्या दुखण्याला नाव मिळते ते निदान कोणी खोटे म्हणत नाही, हा काही लहान उपकार नव्हे! सामान्य सूतिकेचा काळ सुश्रुताने दीड महिन्याचा धरला आहे. तेवढा काळ पथ्य, अभ्यंग आणि उपचार झाले म्हणजे तिचे ‘सूतिका’ हे नाव सुटते. पुन्हा ऋतुदर्शन होईपर्यंत ते सुटत नाही, असे काहींचे मत असल्याचेही त्याने नोंदविले आहे.

आपल्या घरांतील सव्वा महिना ह्या दीड महिन्याच्या जवळपास येतो. बाजेखालची शेगडी, ओव्याची धुरी, बाळंतशेपा, डिंकाचे लाडू, हळिवाची खीर, पोटाला घट्ट बांधलेला पट्टा ही सारी व्यवस्था आजीपासून नातीपर्यंत तोंडी चालत आली. पोट बांधण्याचा विधी तर थेट चरकात सापडतो. दारे-खिडक्या बंद करून आत धूर कोंडण्याच्या चालीचे समर्थन आम्ही करणार नाही. पण तेल चोळणाऱ्या हातांत जे ज्ञान होते ते पुष्कळ जुने होते, एवढे मान्य करावे लागते.

मात्र सुश्रुताने दुसरी एक मुदत सांगितली आहे, आणि ती कोणा आजीच्या तोंडून आमच्या ऐकिवात आलेली नाही. चिकित्सास्थानाच्या पंधराव्या अध्यायात मूढगर्भाचा, म्हणजे आडलेल्या गर्भाचा विचार आहे. गर्भ पोटात मृत झाला असता तो शस्त्राने कसा काढावा हे तेथे सांगितले आहे. ते वाचताना अंगावर काटा येतो. त्यानंतर लगेच त्या स्त्रीच्या शुश्रूषेचा भाग येतो. ऊन पाण्याचे सिंचन, अभ्यंग, वेदना व दोष शमविण्यासाठी सुंठ, पिंपळी, हिंग इत्यादींचे चूर्ण तुपातून. मग वातहर औषधांनी सिद्ध केलेले दूध दहा दिवस, पुढे मांसरस दहा दिवस. बलातैलाची कृतीही ह्याच अध्यायात आहे. आणि शेवटी मुदत: चार महिन्यांनंतर, ती उपद्रवरहित व शुद्ध झाली आहे असे जाणून, तिला पथ्यातून मोकळे करावे.

वकिलाच्या नजरेने पाहता येथे नुसती मुदत नाही, तिला एक अटही जोडलेली आहे. चार महिने भरले एवढ्यावर ती मोकळी होत नाही. उपद्रव गेले आहेत की नाहीत हे पाहावयाचे आहे, आणि पाहण्याचे काम वैद्याचे आहे. दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. ह्या स्त्रीच्या मांडीवर मूल नाही. तिच्या घरी षष्ठीपूजन नाही, बारसे नाही, ओटी भरायला येणाऱ्या सुवासिनी नाहीत. बाळंतिणीचे कौतुक पुष्कळदा बाळासाठीच होते. बाळ गेले की शेगडीही विझते. अशा स्त्रीला ग्रंथकाराने सुखरूप सुटलेल्या बाईच्या दुपटीहून अधिक काळ दिला.

काश्यपसंहितेतही अशीच दृष्टी दिसते. नेपाळचे राजगुरू हेमराज शर्मा ह्यांना मिळालेल्या खंडित हस्तलिखितावरून हा ग्रंथ १९३८ साली प्रसिद्ध झाला. त्यात ‘दुष्प्रजाता’ म्हणजे जिची प्रसूती नीट झाली नाही अशा स्त्रीच्या चिकित्सेला स्वतंत्र अध्याय आहे. तेव्हा अवघड बाळंतपणाची बाई हा निराळा वर्ग आहे, हे आपल्या पूर्वजांना पक्के ठाऊक होते.

वारकऱ्यांच्या कथेत सोयराबाई एकटीच असताना विठ्ठल चोखोबांच्या बहिणीचे, निर्मळेचे रूप घेऊन तिचे बाळंतपण करायला आला. तिरुचिरापल्लीच्या डोंगरावरील शिवाला ‘तायुमानवर’, म्हणजे आईही झालेला, असे नाव आहे. कावेरीला पूर आल्यामुळे लेकीपर्यंत पोहोचू न शकलेल्या आईचे रूप त्याने घेतले, अशी तेथील कथा. दोन्ही ठिकाणी उणीव एकच होती, ती म्हणजे जवळच्या बाईच्या हाताची.

आनंदीबाई जोशी ह्यांचा उल्लेख येथे केलाच पाहिजे. १८६५ साली जन्मलेल्या ह्या मुलीला चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. पुढे फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयात १८८६ साली पदवी घेताना तिने प्रबंधासाठी विषय घेतला तो ‘आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र’ हा. १८८७ च्या फेब्रुवारीत, बावीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, पुण्यास तिचा अंत झाला. तिला वैद्यकाकडे वळविणारे ते बाळंतपण होते असे तिचे चरित्र सांगते. त्या मुलीला स्वतःला शुश्रूषेचे किती दिवस मिळाले असतील?

आता कायदा. १९१९ च्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने प्रसूतीनंतरचे सहा आठवडे स्त्रीला कामावर ठेवू नये असे ठरविले. मुंबई विधिमंडळात १९२८ साली प्रसूतिलाभाचे विधेयक आले, तेव्हा मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. १९२९ साली कायदा झाला. १९६१ चा केंद्रीय कायदा बारा आठवड्यांचा होता, तो २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांपुरता सव्वीस आठवड्यांचा झाला. त्या १९६१ च्या कायद्यात दोन गोष्टी अशा होत्या की वाचताना सुश्रुताचा तो अध्याय आठवावा. ‘अपत्य’ ह्या शब्दाच्या व्याख्येत मृत जन्मलेले मूलही धरले होते. शिवाय गर्भारपणामुळे किंवा प्रसूतीमुळे आजार उद्भवल्यास, पुरावा दिल्यावर, आणखी एक महिन्यापर्यंत पगारी रजा होती. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही रजा उतरली आहे. तथापि ह्या रजेची माहिती फारच थोड्यांना असते, असा आमचा अनुभव आहे. मुख्य रजेचा अर्ज सर्वजण करतात. ह्या जादा महिन्याविषयी विचारायला क्वचितच कोणी येते.

आणि गरज थोडी नाही. ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकाच्या समूहात २०२३ साली आलेल्या लेखमालेप्रमाणे जगात दरवर्षी किमान चार कोटी स्त्रियांना प्रसूतीनंतर दीर्घकाळ टिकणारे काही ना काही दुखणे राहते. कंबरदुखी, लघवीवरील ताबा सुटणे, टाक्यांच्या जागी वेदना, मनाची खिन्नता अशी त्यांची यादी आहे. आणि ती दुखणी बहुधा सहा आठवड्यांनंतरही राहतात, म्हणजे जेव्हा दवाखान्याची देखरेख संपलेली असते तेव्हा. त्यांपैकी पुष्कळ दुखण्यांवर आज उपाय आहेत. ताप, वाढता रक्तस्राव किंवा दुर्गंधी असेल तर शेक-तेलावर विसंबून एक दिवसही घालवू नये, हे आजच्या वैद्यकाने शिकविले. पण ‘सव्वा महिना झाला, आता कसले दुखते?’ असे विचारणाऱ्या घरात ती बाई डॉक्टरांकडे जाणार तरी कशी?

पगारी रजेचा कायदा कारखान्यात, कचेरीत आणि दुकानात काम करणारीला लागू होतो. स्वतःच्या शेतात राबणारी, डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकायला निघणारी, किंवा सकाळपासून रात्रीपर्यंत घरच्याच कामात असणारी बाई त्यात येत नाही. तिचे दिवस मोजायचे काम अजूनही सासूकडे, आईकडे किंवा थोरल्या जावेकडेच आहे.