रक्तशुद्धीकरण : आशा मोठी, पुरावा तोकडा

अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिरामुळे देशभर परिचित असलेले शिरपूर जैन हे वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील गाव. जंतुसंसर्ग रक्तात भिनून रुग्णाचा रक्तदाब कोसळला, तर अशा गावातून वाशीम किंवा अकोल्याची वाट धरावी लागते. अकोल्यात २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. वाशीमचे २०२४ मध्ये सुरू झाले. 'सेप्टिक शॉक' म्हणतात तो हाच. पुरेसे सलाईन देऊनही रक्तदाब टिकवण्यासाठी औषध लागते, रक्तातील लॅक्टेट २ मिलिमोलपेक्षा अधिक असते. अशांपैकी ४० टक्क्यांहून अधिक रुग्ण दगावतात.

याच टप्प्यावर मोठ्या शहरांतील रुग्णालयांत नातेवाइकांच्या कानी 'रक्तशुद्धीकरण' हा शब्द पडतो. रक्त शरीराबाहेर काढून विशिष्ट नळकांड्यातून फिरवायचे, त्यातील घातक द्रव्ये शोषून घ्यायची आणि ते परत द्यायचे, ही कल्पना. जपानमध्ये १९९४ साली मान्यता मिळालेल्या नळकांड्यातील पॉलिमिक्सिन-बी जिवाणूंचे एंडोटॉक्सिन पकडून ठेवते. दुसरा प्रकार सायटोसॉर्बचा. त्यातील सूक्ष्म मणी शरीरानेच निर्माण केलेली दाहकारक सायटोकाइन्स शोषतात. भारतात बायोकॉनने २०१३ मध्ये ते आणले; मे २०२० मध्ये कोविड रुग्णांसाठी आपत्कालीन परवानगीही मिळाली.

कल्पना पटण्याजोगी आहे; निष्कर्ष मात्र साथ देत नाहीत. इटलीतील ६४ रुग्णांच्या २००९ मधील अभ्यासाने पॉलिमिक्सिनबाबत आशा जागवली. पुढे फ्रान्समधील २०१५ चा आणि अमेरिका-कॅनडातील ४५० रुग्णांचा २०१८ चा, अशा दोन्ही चाचण्यांत मृत्युदर घटल्याचे सिद्ध झाले नाही. जर्मनीत २०२१ मध्ये एक्मोवरील ३४ कोविड रुग्णांच्या छोट्या चाचणीत सायटोसॉर्ब लावलेल्या १७ पैकी तीनच ३० दिवसांनंतर हयात होते. न लावलेल्यांपैकी १३. उपयुक्त औषधे, विशेषतः प्रतिजैविके, मण्यांत अडकण्याचा धोकाही आहेच. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी पॉलिमिक्सिन वापरू नये असे सुचवले, तर इतर पद्धतींबाबत शिफारस करण्याइतका पुरावा नसल्याचे नमूद केले.

याउलट, शॉकची शंका येताच तासाभरात प्रतिजैविक आणि पहिल्या तीन तासांत प्रतिकिलो किमान ३० मिलिलिटर सलाईन, ही शिफारस त्याच तत्त्वांत आहे. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. तालुक्याच्या ठिकाणीही ही सुरुवात करता येते. पू साचला असल्यास तो काढणेही तितकेच तातडीचे. मूत्रपिंडे निकामी झाल्यावर करावयाचे डायलिसिस ही वेगळी बाब होय. ते अशा रुग्णाला अत्यावश्यक ठरू शकते. संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी दोहोंपैकी नेमके काय करायचे आहे, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे.