खेळाडूचा प्रशिक्षक होतो तेव्हा : अमोल मुझुमदार

मंडळी, सुरुवातीला एक नकाशा दुरुस्त करून घेऊ. रमाकांत आचरेकर सरांना आपण शिवाजी पार्कचे म्हणतो. पण १९३२ साली ते जन्मले मालवणात, आणि तेव्हाचं मालवण आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात होतं. सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १९८१ मध्ये. तेव्हा आजच्या विषयावर रत्नागिरीत बोलायला मला थोडा हक्क आहे असं मी धरून चालतो.

सर प्रथम श्रेणीचा सामना खेळले तो एकच. स्टेट बँकेच्या संघाकडून, हैदराबादविरुद्ध. तिकडे इटलीत एन्झो बेअरझोट नावाचे गृहस्थ होते. तेही देशाकडून फुटबॉल खेळले एकदाच, १९५५ साली. पुढे हेच गृहस्थ प्रशिक्षक झाले आणि १९८२ चा विश्वचषक इटलीने जिंकला. आता आचरेकरांच्या शिष्यांपैकी अमोल मुझुमदार घ्या. देशाकडून किती सामने? शून्य.

फेब्रुवारी १९८८. आझाद मैदान, हॅरिस शिल्ड, शारदाश्रम विरुद्ध सेंट झेवियर्स. सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अखंड भागीदारी केली. सचिन नाबाद ३२६, विनोद नाबाद ३४९. ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. त्यांच्यानंतर ज्याची पाळी होती तो तेरा वर्षांचा मुलगा पॅड बांधून बसून राहिला, तो हा.

आणि ते बसणं संपलंच नाही. रणजी पदार्पणात हरियाणाविरुद्ध २६० धावा. प्रथम श्रेणी पदार्पणातला तो तेव्हाचा जागतिक विक्रम होता. पुढे १७१ सामने, ११,१६७ धावा, ३० शतकं. पण १९९६ मध्ये द्रविड, गांगुली आणि लक्ष्मण भारताकडून कसोटी खेळू लागले, सचिन आधीपासून होताच. मधल्या फळीत जागाच उरली नाही. निवड समितीला शिव्या घालणं सोपं आहे. मला विचाराल तर, त्या चौघांतला कोणाला काढायचा हे सांगणारा मला अजून भेटलेला नाही.

२ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारतीय महिला संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. मुख्य प्रशिक्षक मुझुमदार. लगेच सगळीकडे सुरू झालं : नियतीने न्याय केला, हिशेब चुकता झाला. टिळकांच्या जन्मगावी तर काय, कोणीतरी कर्मयोग काढणारच. इथे माझा मतभेद आहे.

असा हिशेब चुकता होत असता तर पद्माकर शिवलकरांचा का झाला नाही? ५८९ प्रथम श्रेणी बळी, आणि भारताकडून एकही सामना नाही, कारण तो काळ बेदींचा होता. त्यांना कुठला विश्वचषक परतफेडीत मिळाला? मुझुमदारांना न मिळालेली कसोटी टोपी आजही मिळालेली नाही. ते नुकसान तसंच आहे. चषक ही वेगळी गोष्ट आहे, वेगळ्या कामाची कमाई आहे.

ते काम पाहू. २००६-०७ च्या रणजी मोसमात मुंबई पहिले तीन सामने हरली. कर्णधार होते मुझुमदार. त्याच मोसमात अंतिम सामन्यात बंगालला हरवून मुंबईने रणजी जिंकली. आता २०२५ कडे या. दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड, असे ओळीने तीन पराभव. इंदूरला इंग्लंडविरुद्ध तर फक्त चार धावांनी. (बेअरझोटच्या इटलीनेही १९८२ मध्ये पहिले तिन्ही सामने बरोबरीत सोडवले होते, आणि वृत्तपत्रं तुटून पडली होती. त्यांनी पाओलो रॉस्सीला संघाबाहेर काढलं नाही. पुढे त्याने सहा गोल केले.)

इथे नेमकं काय घडलं? इंग्लंडविरुद्ध जेमिमा रॉड्रिग्जला वगळलं होतं. पुढच्याच सामन्यात तिला परत घेतलं, आणि तिसऱ्या क्रमांकावर पाठवलं. नाबाद ७६. उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाचं लक्ष्य ३३९ धावांचं, तिसऱ्या क्रमांकावर पुन्हा तीच, नाबाद १२७. म्हणजे आदल्या आठवड्याची चूक झाकण्याऐवजी त्यांनी ती उलटवली. प्रशिक्षकाला हे जमणं कठीण असतं. आम्हा प्राध्यापकांनाही कठीणच. चुकीचा सिद्धांत मी वर्गात वर्षभर रेटलेला आहे, कबूल करतो! प्रतिका रावल जखमी झाली तेव्हा मूळ संघात नसलेल्या शेफाली वर्माला आणलं. अंतिम सामन्यात तिच्या ८७ धावा आणि दोन बळी.

आणखी एक. या माणसाने प्रशिक्षकपण मधूनच उचललेलं नाही. नेदरलँड्स, राजस्थान रॉयल्स, २०१९ च्या भारत दौऱ्यावर दक्षिण आफ्रिका, मग मुंबई. २०२२ चा रणजी अंतिम सामना ते प्रशिक्षक म्हणून हरले तो मध्य प्रदेशकडून, बंगळुरूला. मध्य प्रदेशचे प्रशिक्षक कोण? चंद्रकांत पंडित, तेही आचरेकरांचेच शिष्य. त्याच चिन्नास्वामी मैदानावर १९९९ मध्ये पंडित मध्य प्रदेशचे कर्णधार म्हणून रणजीचा अंतिम सामना हरले होते. दोन्ही तंबूंत शिवाजी पार्कचेच विद्यार्थी.

नवी मुंबईत शेवटचा झेल हरमनप्रीतने घेतला. नंतर ती मुझुमदारांच्या पाया पडली. ते छायाचित्र तुम्ही पाहिलंच असेल. आता प्रश्न असतील तर घेऊ या.