अपलोड केलेले फोटो डिप्लॉयनंतर न दिसणे

वेब अ‍ॅप्लिकेशनमधील एक नेहमीचा दोष. विकसकाच्या संगणकावर व्यवस्थित दिसणारे फोटो अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरवर चढवल्यावर गायब होतात आणि त्यांच्या जागी फुटक्या चित्राचे चिन्ह उरते. कोडमध्ये एक अक्षरही बदललेले नसते, त्यामुळे नवशिके फार गोंधळतात.

कारणांची संख्या मोठी असली तरी बहुतेकांचे मूळ एकच. डेटाबेसमध्ये सहसा फोटो नसतो, फक्त त्याचा मार्ग असतो. खरी फाइल डिस्कवर वेगळी राहते. डिप्लॉय करताना कोड जातो, डेटाबेस बहुधा वेगळ्या यंत्रावर सुखरूप असतो, आणि फाइलींची जबाबदारी कोणाकडेच नसते.

जँगो या २००५ साली खुल्या झालेल्या पायथन फ्रेमवर्कमध्ये हे स्पष्ट दिसते. अपलोड झालेल्या फाइली दाखवण्यासाठी यूआरएलच्या यादीत 'स्टॅटिक' फंक्शनची एक ओळ घालतात. ती ओळ 'डीबग' चालू असतानाच काम करते. ते बंद होताच फंक्शन रिकामी यादी परत देते. ओळ डोळ्यांसमोर असते, चूक कुठेच नोंदली जात नाही, आणि प्रत्येक फोटोला ४०४ मिळतो. अशा वेळी 'डीबग' पुन्हा चालू करणे हा उपाय नव्हेच, कारण त्याने चुकांच्या पानांवर सर्व्हरची आतली माहिती उघडी पडते. अपलोड झालेल्या फाइलींचे मीडिया फोल्डर एंजिनएक्ससारख्या वेब सर्व्हरच्या हवाली करणे हा योग्य मार्ग. व्हाइटनॉइज हे पॅकेज इथे कामाचे नाही. ते अ‍ॅप्लिकेशनच्या स्वतःच्या सीएसएस आणि जावास्क्रिप्टसाठी आहे, लोकांनी चढवलेल्या फाइलींसाठी नाही. लाराव्हेल या पीएचपी फ्रेमवर्कमध्ये साठवणीचे फोल्डर सार्वजनिक फोल्डरशी जोडणारी 'स्टोरेज:लिंक' ही आज्ञा नव्या सर्व्हरवर द्यायची राहून गेली, तरी परिणाम तोच.

सर्वांत क्लेशदायक प्रकार उशिरा उघड होतो. हेरोकू या होस्टिंग सेवेवर प्रत्येक डायनोची, म्हणजे अ‍ॅप्लिकेशन चालवणाऱ्या कंटेनरची, डिस्क तात्पुरती असते आणि डायनो साधारण दिवसातून एकदा नव्याने सुरू होतो. काल चढवलेला फोटो संध्याकाळपर्यंत दिसतो, सकाळी नाहीसा होतो. डेटाबेसमधली नोंद मात्र शाबूत. व्हॉल्यूम न जोडलेला डॉकर कंटेनर बदलला की हेच घडते. असे गेलेले फोटो, प्रत ठेवलेली नसेल तर, परत मिळत नाहीत. म्हणून टिकाऊ डिस्क किंवा अ‍ॅमेझॉनच्या एस३ सारखी साठवण पहिल्या वापरकर्त्याच्या आधीच जोडायला हवी.

एस३ वरही अडचणी आहेतच. एप्रिल २०२३ पासून नव्या बकेटवर सार्वजनिक वाचन मुळातच बंद असते, म्हणून थेट पत्ता ४०३ देतो. स्वाक्षरीयुक्त पत्ता चालतो, पण त्याची मुदत फार तर ७ दिवस. तोच पत्ता डेटाबेसमध्ये साठवला तर आठवड्याने सगळे फोटो एकेक करून मावळतात. साठवायचे ते फाइलचे नाव. पत्ता दर वेळी नवा करावा.

शोध घेताना फोटोचा पत्ता ब्राउझरच्या नव्या टॅबमध्ये उघडून उत्तराचा क्रमांक पाहावा. ४०४ म्हणजे मार्ग चुकला किंवा फाइल नाही. लिनक्सवर लहान-मोठ्या रोमन अक्षरांचा फरक मानला जातो, विंडोजवर सहसा नाही, हेही इथे तपासावे. ४०३ म्हणजे परवानगीचा प्रश्न. २०० येऊनही चित्र नसेल, तर सर्व्हर बहुधा फोटोऐवजी मुख्य पानाचे एचटीएमएल पाठवत असतो. ४१३ अपलोडच्या वेळीच येतो: एंजिनएक्सची मूळ मर्यादा १ एमबी आहे आणि मोबाइलचा फोटो ती सहज ओलांडतो.

मराठी नावांच्या फाइलींचा त्रास वेगळा आणि दुर्लक्षित आहे. जँगो नाव साफ करताना पायथनच्या ज्या नियमावर विसंबते, तो मात्रा आणि हलन्त यांना अक्षर मानत नाही. 'गणपती' नावाची फाइल 'गणपत' होऊन साठते, 'शाळा'ची 'शळ' होते. टेम्प्लेटमध्ये मूळ नाव जोडून हाताने पत्ता बनवला असेल तर तो फोटो कधीच सापडत नाही. फाइल फील्डचा स्वतःचा पत्ता घेतला तर सापडतो. सर्व्हरची भाषा-मांडणी यूटीएफ-८ नसेल, तर अशी फाइल साठवतानाच युनिकोडची चूक येऊ शकते. त्यामुळे साठवणीसाठी सर्व्हरने स्वतःचे यादृच्छिक नाव द्यावे आणि वापरकर्त्याचे मराठी नाव डेटाबेसच्या वेगळ्या रकान्यात, मात्रांसकट, जपावे.