दुष्फेन पाणी

कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचे क्षार जास्त प्रमाणात विरघळलेले, साबणाला सहजी फेस येऊ न देणारे पाणी. याच्या उलट ते सुफेन. घरोघरी याला ‘जड पाणी’ किंवा नुसते ‘बोअरचे पाणी’ म्हणतात. भौतिकशास्त्रातले जड पाणी मात्र वेगळे. ते हायड्रोजनच्या जड समस्थानिकापासून बनलेले असते आणि काही अणुभट्ट्यांत वापरतात. मोरीत डोळ्यांना दिसणारी खूण नेमकी सांगणारा म्हणून ‘दुष्फेन’ हाच शब्द सरस.

पावसाचे पाणी मुळात सुफेन असते. जमिनीत मुरताना ते मातीतला कार्बन डायऑक्साइड सोबत घेते, किंचित आम्लधर्मी होते आणि वाटेतला खडक हळूहळू झिजवते. महाराष्ट्राचा बराच भाग ज्या काळ्या पाषाणावर वसला आहे, त्या बेसॉल्टच्या खनिजांत कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोन्ही आहेत. काळ्या मातीखाली अनेक ठिकाणी चुनखडीही सापडते. त्यामुळे खडकाच्या फटींत दीर्घकाळ राहिलेले विंधन विहिरीचे पाणी धरणाच्या पाण्याहून बहुधा जास्त दुष्फेन असते.

लातूरचे उदाहरण घेता येईल. शहराचा मुख्य आधार धनेगावचे मांजरा धरण. २०१६ मध्ये ते आटले आणि त्या एप्रिलपासून मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. धरण आटले की असे शहर विंधन विहिरी आणि टँकर यांच्यावर तगते. जिथे नळाला रोज पाणी येत नाही, तिथे तर चांगल्या वर्षीही इमारतीच्या टाकीत धरणाचे आणि बोअरचे पाणी एकत्र होते. एकाच तोटीचे पाणी श्रावणात एक आणि वैशाखात दुसरेच असते, ते यामुळे.

दुष्फेनता कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये मोजतात. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकानुसार (आयएस १०५००, २०१२) २०० ही स्वीकारार्ह मर्यादा आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतले जाते. या दोन आकड्यांमध्ये असलेले पाणी मानकाला चालते, पण संसाराला महाग पडते.

नगरपालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्रात तुरटीने गढूळपणा खाली बसतो, वाळूच्या थरातून पाणी गाळले जाते आणि क्लोरीनने जंतू मरतात. यातल्या एकाही क्रियेने विरघळलेले कॅल्शियम कमी होत नाही. घरच्या हंड्यात फिरवलेली तुरटी, कँडलचा फिल्टर किंवा अतिनील दिव्याचे यंत्र यांचेही तेच. म्हणून पाणी निवळशंख आणि निर्जंतुक असूनही दुष्फेन असू शकते. दुष्फेन म्हणजे घाण नव्हे, हे पहिल्यांदा ध्यानात घ्यायला हवे.

परिणाम सर्वांत आधी चुलीवर कळतो. तूरडाळ शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या तरी दाणेदार राहते, हरभरा नि राजमा रात्रभर भिजवूनही करकरीत. दाण्याच्या पेशींना जोडून ठेवणाऱ्या पेक्टिनशी कॅल्शियम बांधले जाते आणि ते विरघळत नाही, हे त्याचे कारण. दोष डाळीचाही नसतो, रांधणारीचाही नसतो. तरी बोलणी तिलाच बसतात. चिमूटभर खाण्याचा सोडा घातला की डाळ शिजते, पण त्याने थायमिन हे जीवनसत्त्व नष्ट होते. त्यापेक्षा पाणी आधी खळखळून उकळावे, गार होऊ द्यावे आणि तळाचा साका न हलवता वरचे निवळ घ्यावे. बायकार्बोनेटमुळे आलेली तात्पुरती दुष्फेनता एवढ्याने बरीच उतरते. सल्फेट आणि क्लोराइड यांमुळे आलेली कायम दुष्फेनता उकळून जात नाही. चिंच, आमसूल, टोमॅटो डाळ शिजल्यावरच घालावेत, कारण आंबटानेही दाणा घट्ट राहतो. चहावर धरणारा तेलकट तवंग, पिवळसर पडणारा भात, स्टीलच्या तांब्यावरचे पांढरे डाग ही याच पाण्याची घरातली ओळख.

साबणाचा हिशेब डोळे उघडणारा आहे. कॅल्शियम साबणाशी संयोग पावून न विरघळणारा चिकट मळ तयार करते आणि ते संपेपर्यंत फेस येत नाही. दुष्फेनता ३०० असेल, तर रसायनशास्त्राच्या गणिताने दहा लिटर पाण्यामागे सुमारे १८ ग्रॅम साबण नुसता या मळात जातो. पांढरे कपडे करडे पडतात, टॉवेल खरखरीत होतात. कपड्यांच्या पावडरीवर हा परिणाम कमी होतो. धुण्याचा सोडा घातल्यास आणखी कमी.

तापवलेल्या पाण्यातून क्षार बाहेर पडून बंब, गिझर, सौर बंबाच्या नळ्या यांना आतून चुन्यासारखा थर धरतो. तीनशे दुष्फेनतेचे शंभर लिटर पाणी रोज तापवणाऱ्या घरातून वर्षाला जवळजवळ अकरा किलो क्षार जातात. सगळे बसत नाहीत, पण बसतात तेही कॉइल जाळायला पुरेसे ठरतात. थर उष्णता अडवतो आणि विजेचे बिल वाढते. लिंबूसत्त्वाच्या कोमट द्रावणाने तो सुटतो. बाथरूम धुण्याचे ॲसिड वापरायचेच तर ब्लीचिंग पावडरीच्या जवळही नेऊ नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

दुष्फेन पाण्याने मुतखडा होतो, ही समजूत खोलवर रुजली आहे. तसे सिद्ध झालेले नाही. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम शरीराला लागतातच, आणि जागतिक आरोग्य संघटनेने दुष्फेनतेसाठी आरोग्याची म्हणून मर्यादा ठरवलेली नाही. कमी पाणी पिणे हे मुतखड्याचे त्याहून खरे कारण. केस आणि कातडी कोरडी वाटते, ती बरीचशी धुतल्यावर राहिलेल्या साबणाच्या मळाने.

आरओ यंत्र क्षार काढते, पण घरगुती यंत्रात शुद्ध लिटरमागे बऱ्याचदा दोन-तीन लिटर पाणी वाया जाते. तहानलेल्या गावात हे पाणी मोरीत सोडणे चूक आहे. फरशी आणि संडासासाठी ते साठवावे. रेझिनचे सॉफ्टनर कॅल्शियम घेऊन सोडियम सोडतात, म्हणून ते खर्चाच्या पाण्याला योग्य. उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी ते पाणी पिण्यात घेऊ नये. छपरावरचे पहिल्या सरीनंतरचे पाणी स्वच्छ टाकीत धरले, तर डाळ शिजवायला आणि केस धुवायला त्याच्यासारखे दुसरे नाही. पिण्याआधी मात्र ते उकळावे.

यंत्र विकणारा दाखवतो तो टीडीएस मीटर दुष्फेनता मोजत नाही, फ्लोराइड आणि नायट्रेट तर मुळीच नाही. खर्च करण्याआधी आपल्या नळाचे आणि बोअरचे पाणी वेगवेगळ्या बाटल्यांत भरून भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत तपासून घ्यावे, आणि उन्हाळ्यात पुन्हा एकदा.