पतंगांचे उद्रेक, वनांतील

पतंगांच्या एखाद्या जातीची संख्या अल्पावधीत अनेक पटींनी वाढून तिच्या अळ्या मोठ्या क्षेत्रातील झाडे निष्पर्ण करतात. या घटनेस उद्रेक म्हणतात. जर्मनीतील लेट्सलिंगेन येथील पाइन वनांत १८८०–१९४० या काळात पालापाचोळ्यातील कोश व अळ्या दर हिवाळ्यात मोजल्या गेल्या. श्व्हेर्टफेगर यांनी केलेल्या या नोंदींच्या विश्लेषणावरून पतंगांची संख्या काही वर्षांत हजारो पटींनी वाढते व तितक्याच वेगाने कोसळते, असे दिसून आले. पाइनची सुयांसारखी पाने पूर्णपणे खाल्ली गेली, तर पुष्कळ झाडे मरतात. त्यामुळे तेथील वनाधिकाऱ्यांना या प्रश्नाकडे दुर्लक्ष करता आले नाही.

महाराष्ट्रात पाइनची नैसर्गिक वने नाहीत. येथे उद्रेक होतात ते सागावर. चंद्रपूर, गडचिरोली व मेळघाट या भागांतील सागवनांत दोन पतंग उपद्रवी आहेत. हिब्लिया प्युएरा  या पतंगाची अळी पावसाळ्याच्या प्रारंभी कोवळी पाने मुख्य शिरा सोडून फस्त करते. युटेक्टोना मॅकेरालिस  या पतंगाची अळी पावसाळ्याच्या उत्तरार्धात जून पानांतील हरितभाग खाऊन शिरांची केवळ जाळी शिल्लक ठेवते.

बूर्डिलन यांनी १८९८ मध्ये त्रावणकोर संस्थानातील सागलागवडीत हिब्लियाच्या उपद्रवाची नोंद केली. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेतील बीसन यांनी लागवडीतील स्थानिक झाडेझुडपे राखावीत, म्हणजे अळ्यांचे परजीवी शत्रू टिकून राहतील, असा उपाय सुचविला. तथापि सागाला पुन्हा पालवी फुटते व झाड मरत नाही, म्हणून नुकसान किरकोळ समजले जाई. ही समजूत फार काळ टिकली, हेच खरे नुकसान म्हणावे लागेल. केरळ वनसंशोधन संस्थेच्या नायर व सहकाऱ्यांनी कोवळ्या लागवडीत संरक्षित व असंरक्षित झाडांची पाच वर्षे तुलना केली. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार अपेक्षित लाकूडवाढीपैकी ४४ टक्के वाढ पाने खाल्ली गेल्याने बुडते. उद्रेक सर्वत्र एकाच वेळी होत नाही. प्रथम एखाद्या लहान तुकड्यात पतंग थव्याने येऊन अंडी घालतात व पुढील पिढी दूरवर पसरते, असेही या संस्थेच्या निरीक्षणांतून आढळले.

१९८८ मध्ये हिब्लियाच्या अळ्यांना मारणाऱ्या एका विषाणूचे वर्णन सुधींद्रकुमार व सहकाऱ्यांनी केले. त्याच्या फवाऱ्याने अळ्या तीन-चार दिवसांत मरतात. परंतु अळीची अवस्था जेमतेम दोन आठवड्यांची असल्याने आरंभीचे तुकडे वेळीच सापडले, तरच हा उपाय साधतो. शिवाय हा विषाणू जातिविशिष्ट असल्याने पानांची जाळी करणाऱ्या दुसऱ्या अळीसाठी वेगळा उपाय योजावा लागतो.