शाळा अंगणात गेली, तेव्हा

१/७
‘अंगणवाडी’ हे आज देशभर एका सरकारी योजनेतील केंद्राचे नाव आहे. मूळ अर्थ मात्र शब्दशः होता : मुलांच्या घरापुढील अंगणात भरणारी बालवाडी. तिची कहाणी १९४५ साली बोर्डीत सुरू होते.

२/७
ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत माँटेसरी पद्धतीचे काम केले होते. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. तरीही हे शिक्षण मुख्यतः शहरी, सुस्थित घरांपुरतेच राहिले. ते खेड्यात नेण्यासाठी ताराबाई तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी आल्या. तेथे अनुताई वाघ त्यांना सहकारी म्हणून लाभल्या.

३/७
गावात बालवाडी निघाली. पण दलित आणि गरीब वस्त्यांतील मुले तिच्याकडे फिरकली नाहीत. आईबाप मजुरीला जात, थोरल्या मुलीच्या कडेवर धाकटे भावंड असे. ‘पालकांना शिक्षणाचे मोल नाही’ असा शेरा मारून मोकळे होणे सोपे होते. ताराबाईंनी ठरवले, मुले येत नसतील तर शाळेने त्यांच्या दारी जावे.

४/७
वस्तीतले अंगण हाच वर्ग झाला. मुलांची स्वच्छता, गाणी, गोष्टी, खेळ, सारे घरच्यांच्या डोळ्यांदेखत चाले. माँटेसरीची महागडी साधने येथे परवडणारी नव्हती. त्यांची जागा शंख-शिंपले, बिया, पाने आणि खडे यांनी घेतली.

५/७
शिंपले निवडताना, लहान-मोठे लावताना मुलाची नजर आणि बोटे तयार होतात; गोष्ट ऐकताना कान आणि शब्दसंग्रह. अक्षरओळख या तयारीवर उभी राहते. शिवाय ओळखीच्या उंबरठ्याशी मूल बुजत नाही. माझ्या मते, अंगणाचे खरे शैक्षणिक मोल या निर्भयतेत आहे.

६/७
१९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या परिसरात गेले. तेथील ‘विकासवाडी’त पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आल्या. धाकट्याला पाळणाघरात ठेवून थोरली बहीण वर्गात बसू शकली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली.

७/७
२ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांनिशी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना ‘अंगणवाडी’ हे नाव मिळाले. नाव देशभर पोहोचले. एखादे मूल आज केंद्रात येत नसेल, तर दोष कोणाच्या माथी मारायचा, हा प्रश्न मात्र तोच आहे. बोर्डीने त्याचे उत्तर १९४५ मध्येच देऊन ठेवले आहे.