नकाशावरील नांवें

ग्रीनलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, सत्तराव्या अक्षांशाच्या किंचित् उत्तरेस, समुद्र जमिनींत खोल शिरलेला दिसतो. हीच स्कोर्सबी सुंड नांवाची फियॉर्डांची मालिका होय. तिची सर्वांत लांब शाखा सुमारें ३५० किलोमीटर आंत गेली आहे. खोली कांहीं ठिकाणीं हजार मीटरांहूनही अधिक आहे. हिमनद्यांनीं खडक खरवडून दऱ्या कोरल्या आणि मागाहून समुद्रानें त्या भरून काढल्या. दक्षिण तीरावरील काळ्या पाषाणाचे एकावर एक रचलेले थर पाहून आपल्या सह्याद्रीच्या कड्यांचें स्मरण व्हावें. दोन्ही लाव्हारसाचींच अपत्यें.

१८२२ सालीं इंग्रज दर्यावर्दी धाकटा विल्यम स्कोर्सबी देवमाशांच्या शिकारीसाठीं येथें आला. खाडीस त्यानें आपल्या पित्याचें नांव दिलें. उत्तर तीरास एडिंबरोचे आपले गुरु प्राध्यापक जेमसन यांचें. पितृऋण व गुरुऋण फेडण्याची ही रीत आम्हांस आवडण्याजोगीच आहे. परंतु त्याच तीरावर त्यास ओसाड घरें आणि थडगीं आढळलीं. नांव देणाऱ्याच्या आधीं तेथें माणसें नांदून गेलीं होतीं. तीं या पाण्यास काय म्हणत, हें सांगावयास मात्र कोणी उरलें नव्हतें.

ही खाडी देशाच्या आरपार जात असावी, असा स्कोर्सबीचा तर्क होता. १८९१-९२ मध्यें डेन्मार्कच्या कार्ल रायडरनें आंतील शाखा धुंडाळल्या. त्यांचा शेवट बर्फाच्या भिंतींशीं होतो.

पुढें डेन्मार्क व नॉर्वे यांच्यांत या किनाऱ्याविषयीं वाद माजला. १९२५ सालीं एइनार मिकेलसेन याच्या पुढाकारानें दक्षिणेकडील आम्मासालिकहून सुमारें ऐंशी इन्यूइट माणसें आणून खाडीच्या मुखाशीं वसविण्यांत आलीं. नव्या भूमींत शिकार विपुल होती हें खरें. पण त्यांच्या चुलींचा धूर हा डेन्मार्कच्या स्वामित्वाचा झेंडाही होता. १९३३ सालीं हेगच्या न्यायालयानें डेन्मार्कच्या बाजूनें निकाल दिला.

ती वसाहत आज इत्तोक्कोर्तूर्मीत या नांवानें नांदते. लोकसंख्या चारशेंहूनही कमी. तेथील लोक खाडीस कांगेर्तित्तिवाक म्हणतात. राजकारणासाठीं आणलेलीं माणसें त्या भूमीचीं झालीं, आणि मुक्या झालेल्या पाण्यास पुन्हां इन्यूइट भाषेंत नांव मिळालें. नकाशा वाचतांना आम्ही अक्षांश पाहतों. त्यांतील नांवें कोणीं दिलीं आणि कोणाचीं पुसलीं गेलीं, हेंही पाहावयास हवें.